आटलेल्या डोहातले मासे

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी एका पंचविशीतल्या तरुणाला रिक्षातून आमच्या सरकारी दवाखान्यात आणले. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सोबतचे म्हणत होते, "साहेब, ऊन लागलंय." पण उन्हाने बाहुल्या अशा बारीक होत नाहीत. शिवाय अंगाला फवारणीच्या औषधाचा वास. कपडे काढून साबणाने अंग धुतले, अ‍ॅट्रोपिन सुरू केले, तेव्हा कुठे सोबतच्यांनी खरे सांगितले. आटत आलेल्या डोहात कंबरभर पाण्यात उभा राहून त्याने मासे मारायला कीटकनाशकाची बाटली ओतली होती. औषध कातडीतून त्याच्याही अंगात भिनले. पाच दिवसांनी तो चालत घरी गेला. सगळ्यांचे नशीब असे नसते.

आपल्या अक्कलकोट तालुक्यात मे उजाडला की बोरी नदीचे डोह तेवढे उरतात. मैलभर पसरलेले मासे एका खड्ड्यात गोळा होतात आणि ते पकडणे पोरखेळ होऊन बसते. म्हणूनच या दिवसांत गळ कोणी, कधी आणि किती टाकावा, हा प्रश्न माशांइतकाच आपल्या तब्येतीचाही आहे.

आधी पाण्याचे गणित. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशाला साडेसात. म्हणजे पाणी तापते तसा माशांचा श्वास आखडतो, आणि तापलेल्या पाण्यात माशाला प्राणवायू लागतोही जास्त. त्यात पाणी शेवाळाने हिरवे झालेले असेल, तर दिवसा ते शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री मात्र स्वतःच वापरते. त्यामुळे पहाटे डोहात प्राणवायू सर्वांत कमी. मासे पृष्ठभागावर येऊन 'आ' वासतात ते तेव्हा. बघणाऱ्याला वाटते मासळी वर आली, टाका जाळे. खरे तर ती गुदमरत असते. मरळ आणि मांगूर हवेतला प्राणवायू घेऊन तग धरतात. रोहू-कटल्याला ते जमत नाही.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात थंड पाण्यातल्या ट्राउट माशासाठी एक नियम आहे. नदीचे पाणी सलग तीन दिवस 73 फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे 23 सेल्सिअसला पोचले, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी थांबवता येते. आपले मासे उष्ण पाण्याचे, त्यांना 23 अंश म्हणजे गारवाच. तिथे वाहत्या नदीत सकाळची वेळ बरी. आपल्या साचलेल्या हिरव्या डोहात मात्र पहाट टाळावी, आणि दुपार आपल्यासाठी टाळावी. सकाळी आठ ते दहा एवढीच वेळ मला बरी वाटते. डोक्याला टॉवेल, सोबत दोन लिटर पाणी. एकट्याने जाऊ नये. वाळू उपसलेल्या खड्ड्यांचा अंदाज वरून येत नाही.

घरच्या कालवणापुरते मासे मिळाले की गळ गुंडाळावा. बोटभर पिल्लू लागले तर हात ओला करून सोडवावे; कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला संसर्ग होतो. मच्छरदाणीने डोह गाळणारे मी पाहिले आहेत. हिवताप विभाग डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडतो आणि आपण अळ्या खाणारी बारीक मासळी मच्छरदाणीनेच उपसतो! सर्वांत खोल डोह तर पाऊस पडेपर्यंत हात न लावता ठेवावा. पहिल्या पुराबरोबर अंडी घालायला चढणारे मासे त्यातलेच असतात.

विष टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारणे 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. मोटारीच्या वायरने पाण्यात करंट सोडणाऱ्यांबद्दल काय बोलावे? त्यांतले काही दवाखान्यात येतात ते शवविच्छेदनालाच. आणि डोहातले विष तिथेच थांबत नाही. तेच पाणी म्हशी पितात, काठची विहीरही तिथूनच पाझर घेते.

शिंगाड्याचा काटा हातात घुसला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा तास बुडवावा, कळ कमी होते. मग साबणाने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. साठलेल्या कोमट पाण्यातले जंतू जखमेत भराभर वाढतात. मधुमेह असलेल्याने तर संध्याकाळपर्यंतही थांबू नये. दोन दिवस हळद लावून आलेल्यांची बोटे काढावी लागलेली मी पाहिली आहेत.

आणि एखाद्या सकाळी डोहात मासे उलटे तरंगताना दिसले, तर ते फुकटचे म्हणून घरी आणू नका. ते प्राणवायूअभावी मेले की विषाने, हे डोळ्यांना कळत नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाचे काही विषार तर शिजवूनही जात नाहीत. जनावरे त्या पाण्यापासून लांब बांधा आणि ग्रामपंचायतीला लगेच कळवा. कोणी ते मासे खाल्ले असतील आणि उलट्या, घाम किंवा धाप सुरू झाली असेल, तर 108 ला फोन करा. काठावर औषधाची रिकामी बाटली सापडली तर उघड्या हाताने न धरता पिशवीत घालून सोबत आणा. तिच्यावरचे नाव वाचता आले, तर आमचा अर्धा तास वाचतो.