प्रिंटएफच्या पोटात काय चालते?

सी भाषा शिकणारा विद्यार्थी पहिल्याच दिवशी 'प्रिंटएफ' हे फंक्शन वापरतो आणि पुढे त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना ते समजायला सोपे आहे, कारण ते पावतीबुकासारखे आहे. मजकूर आधीच ठरलेला, मधे रिकाम्या जागा. जागेची खूण म्हणजे टक्क्याचे चिन्ह व त्यापुढील अक्षर: डी असेल तर पूर्णांक, एफ असेल तर दशांश, एस असेल तर शब्द.

फंक्शन हा नमुना एकेक अक्षर वाचत जाते. साधे अक्षर तसेच पुढे पाठवते. खूण भेटली की पुढची किंमत उचलते. किमती किती आल्या, कोणत्या जातीच्या आल्या, हे त्याला कोणीच सांगत नाही. नमुना म्हणेल ते खरे! पूर्णांक देऊन एस लिहिले, तर त्या आकड्यालाच स्मृतीतला पत्ता समजून ते तेथे शब्द शोधू लागते आणि बहुधा प्रोग्राम कोसळतो. म्हणून परक्याने टाइप केलेला मजकूर नमुन्याच्या जागी कधीही देऊ नये.

पूर्णांक छापताना त्याला दहाने भागत जातात. १९८६ मधून बाकी ६, मग ८, ९, १. एकं आधी हाती येत असल्याने जागा उजवीकडून भरतात. दशांशाचे मात्र जपून. २.६७५ ही संख्या दोन स्थळांपर्यंत छापली की २.६७ येते, कारण द्विमान पद्धतीत ती किंचित कमीच साठवली जाते. हिशेब पूर्ण पैशांत ठेवावा हे बरे.

आपल्या भाषांची अडचण निराळीच आहे. एस खुणेला वीसची रुंदी दिली, तर फंक्शन अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. १९७८ साली कर्निघन व रिची यांचे पुस्तक निघाले तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट हे गृहीतच होते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी वा कन्नड लिपीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'बेळगाव'मध्ये मात्रा-काना धरून सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट. पुढे दोनच मोकळ्या जागा पडतात. 'पुणे'पुढे आठ पडतात. रकाना वाकडा झालाच! १९९५ साली प्रमाण सी भाषेत आलेले 'डब्ल्यूप्रिंटएफ' बाइटऐवजी चिन्हे मोजू शकते, पण तेही मात्रा स्वतंत्र धरते. तेव्हा मराठी किंवा कन्नड नावांची यादी सरळ रकान्यांत हवी असेल, तर दिसणारी रुंदी स्वतः मोजून मोकळ्या जागा आपणच भराव्या लागतात.