शाळाबंदी व आरोग्यसेवेतील मनुष्यबळ
साथरोगाच्या काळात शाळा बंद ठेवल्याने मुलांच्या सांभाळाचा भार कुटुंबावर पडून रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीवर होणारा परिणाम. शाळा ही शिक्षणाबरोबरच दिवसाचे काही तास मुलांचा सांभाळ करणारी व्यवस्थाही असते. जगातील आरोग्यसेवकांत सु. ७०% स्त्रिया असल्याने हा परिणाम परिचर्येसारख्या सेवांत विशेष जाणवतो.

कोविड–१९ च्या साथीत महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० च्या मध्यास शहरी भागांतील शाळा बंद केल्या. पुढे टाळेबंदीत पाळणाघरेही बंद झाली. मुंबईलगतच्या भाईंदर पूर्व भागातील इंद्रलोकसारख्या वसाहतींच्या बाबतीत यात प्रवासाची अडचण मिसळते. २३ मार्चपासून थांबलेल्या उपनगरी गाड्या १५ जून २०२० रोजी केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. परंतु वाहन मिळाले, तरी कामाची पाळी व प्रवास मिळून जाणाऱ्या वेळात मूल कोणी सांभाळावे, हा प्रश्न उरतो. आजी-आजोबांवर ते सोपवावे, तर वृद्धांनाच या रोगाचा धोका अधिक असतो. शहरी शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडल्या, त्या आठवी ते बारावीपुरत्याच. एकटे ठेवता न येणारी प्राथमिक वर्गांतील मुले त्यानंतरही घरीच राहिली.

बेहॅम व फेनिचेल यांनी २०२० साली अमेरिकेतील स्थितीचा अभ्यास केला. तेथील सु. २९% आरोग्यसेवकांवर ३ ते १२ वर्षे वयाच्या मुलांची जबाबदारी होती. घरातील नोकरी न करणारी प्रौढ व्यक्ती किंवा मोठे भावंड यांची मदत गृहीत धरूनही सु. १५% आरोग्यसेवकांची गरज भागत नव्हती. एवढे मनुष्यबळ घटून बाधितांतील मृत्युप्रमाण २ टक्क्यांवरून २·३५ टक्क्यांच्या वर गेल्यास, शाळाबंदीने टळणाऱ्या मृत्यूंपेक्षा अधिक मृत्यू ओढवू शकतात, असे त्यांनी दाखविले.

शाळाबंदीमुळे काही साधने मोकळीही होतात. महाराष्ट्रात शिक्षकांना साथीच्या सर्वेक्षणास नेमण्यात आले व काही शाळांच्या इमारती विलगीकरणासाठी वापरण्यात आल्या; तथापि प्रशिक्षित परिचारिकेची उणीव त्यामुळे भरून निघत नाही.

इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये शाळा बंद करताना आरोग्यसेवकादी आवश्यक कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी त्या चालू ठेवण्यात आल्या. भारतात २०१७ च्या प्रसूतिलाभ कायदा दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय बंधनकारक केली. शाळाबंदीचा आदेश काढतानाच अशी सोय न केल्यास, वाढविलेल्या खाटांना पुरेसे कर्मचारी मिळत नाहीत.