कॉलेज बेसबॉलचं स्वप्न आणि नववीची मार्कशीट

अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना आजीचे दोन प्रश्न ठरलेले असतात. जेवलास का, आणि अभ्यास कसा चाललाय? त्यावर नातू उत्साहाने सांगतो, "आजी, मला कॉलेजच्या टीममध्ये बेसबॉल खेळायचंय." मग तिसरा प्रश्न येतो, "अरे, पण मग अभ्यासाचं काय?" नातवाला हा प्रश्न जुनाट वाटतो. गंमत म्हणजे कॉलेजचा कोचसुद्धा हाच प्रश्न अगदी सुरुवातीलाच विचारतो.

मी राहते बजबजला. इथे मैदान म्हणजे फुटबॉल, नाहीतर क्रिकेट. बेसबॉलचा ग्लोव्ह मी पहिल्यांदा नीट पाहिला तो मोबाइलच्या स्क्रीनवर, न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या हातात. पण आता अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत शनिवारी सकाळी हाच वाद असतो : मराठी शाळा की टुर्नामेंट? आणि मूल आठवी-नववीत गेलं की वाद मोठा होतो, कारण प्रश्न कॉलेज प्रवेशाचा आणि पैशांचा होतो. तो वेळेवर सोडवायचा, तर तिथली पद्धत समजून घ्यायला हवी.

आधी आकडे

अमेरिकेत कॉलेज खेळांचा मुख्य कारभार एनसीएए ही संस्था पाहते. तिचे तीन विभाग आहेत, डिव्हिजन वन, टू आणि थ्री. हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या दर शंभर मुलांपैकी साधारण सात-आठ जणच या तिन्हीपैकी कुठल्या तरी विभागात पोचतात, असा एनसीएएचाच अंदाज आहे. डिव्हिजन वनमध्ये तर शंभरातले दोन-तीन. म्हणजे शाळेच्या टीममधला सगळ्यात चांगला खेळाडू असणं ही फक्त सुरुवात झाली.

भारतीय घरांत उदाहरणं दिली जातात ती वेगळ्याच वाटेची. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. त्यावर २०१४ मध्ये डिस्नेचा सिनेमाही आला. गोष्ट छान आहे, पण त्यात कॉलेज नाही, अ‍ॅडमिशन नाही, मार्कशीट नाही. तुमच्या मुलाला त्यातून रस्ता सापडणार नाही. त्यापेक्षा फ्लोरिडातला अर्जुन निम्मला बघा. आई-वडील मूळचे आंध्रचे, घरात क्रिकेटचं वेड. हायस्कूलमध्ये असतानाच त्याने फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीकडून खेळायचं ठरवलं होतं. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये टोरंटो ब्लू जेजने त्याला पहिल्याच फेरीत, २० व्या क्रमांकावर घेतलं आणि तो थेट व्यावसायिक खेळाकडे गेला. पण कॉलेजची जागा हातात होती, म्हणून त्याला पर्याय होता. ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

नववीचे मार्कही मोजतात

आपल्याकडे 'दहावीला बघू' म्हणायची सवय आहे. तिथे असं म्हणून चालत नाही. डिव्हिजन वनमध्ये खेळायचं, तर नववी ते बारावी या चार वर्षांत मिळून १६ मुख्य विषय पूर्ण झालेले असावे लागतात : इंग्रजीची चार वर्षं, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, समाजशास्त्रांची दोन, या पहिल्या तीनपैकी कशाचं तरी आणखी एक, आणि उरलेली चार वर्षं मान्य यादीतल्या इतर विषयांची. त्यातले १० विषय बारावी सुरू होण्याआधीच संपलेले हवेत. या विषयांचा जीपीए किमान २.३ लागतो, डिव्हिजन टूमध्ये २.२. एसएटी-एसीटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली, पण एखादं कॉलेज आपल्या प्रवेशासाठी ती मागू शकतं.

२.३ हा आकडा मराठी आईबापांना हास्यास्पद वाटेल, आणि तो आहेच. ती फक्त दारात उभं राहण्याची परवानगी आहे. एकाच दर्जाचे दोन शॉर्टस्टॉप समोर असतील, तर कोच चांगल्या मार्कांचा मुलगा घेतो. एक तर त्याला अ‍ॅडमिशन मिळवून देणं सोपं असतं. दुसरं म्हणजे त्याला कॉलेज अभ्यासाची स्कॉलरशिप देऊ शकतं, म्हणजे टीमच्या पैशांना हात लावावा लागत नाही.

इथेच बऱ्याच घरांचा गैरसमज होतो. बेसबॉलची 'फुल स्कॉलरशिप' ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. वर्षानुवर्षं डिव्हिजन वनच्या एका टीमकडे फक्त ११.७ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या जास्तीत जास्त २७ जणांत वाटायच्या. कुणाला पाव, कुणाला अर्धी. २०२५-२६ पासून नियम बदलला. नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांना ३४ खेळाडूंची मर्यादा आहे आणि त्या सगळ्यांना स्कॉलरशिप देण्याची मुभा आहे. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. बहुतेक कॉलेजांकडे तेवढा पैसा नाही. शिवाय टीम लहान झाल्या आणि दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन येणारे विशी-बाविशीतले अनुभवी खेळाडू कोचला सहज मिळतात. त्यामुळे अठरा वर्षांच्या नव्या मुलासाठी जागा उलट कमीच झाल्या.

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच. आयव्ही लीगमध्येही नाही. तरीही अभ्यासाची आणि घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत धरली, तर यातलं एखादं कॉलेज डिव्हिजन वनच्या पाव स्कॉलरशिपपेक्षा स्वस्त पडू शकतं. कागदावर बेरीज करा. दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजंही आहेत. तिथे रोज खेळायला मिळतं आणि मग चार वर्षांच्या कॉलेजात बदली घेता येते. आपल्या लोकांना हा पर्याय कमीपणाचा वाटतो. का, ते मला कळलेलं नाही.

कोच शोधत येत नाही

डिव्हिजन वनचा कोच अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाला फोन किंवा खासगी मेसेज करू शकत नाही. तोंडी ऑफरही देऊ शकत नाही. मुलगा मात्र त्याआधीही पत्र लिहू शकतो. उत्तर आलं नाही तर वाईट वाटून घ्यायचं नाही, नियमच तसा आहे.

पत्र मुलानेच लिहायचं. हे वाक्य दोनदा वाचा, कारण आपल्या घरांत हे काम बाबा ऑफिसमधून परतल्यावर करतात. कोचला ते पहिल्या ओळीत कळतं. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, असं आपण मुलांना शिकवतो. त्यामुळे मराठी पोरं अशी पत्रं लिहायला लाजतात. पण यात स्तुती नाहीच, माहिती आहे. नाव, बारावी पूर्ण होण्याचं वर्ष, कुठल्या जागी खेळतो, उंची-वजन, कुठल्या हाताने फेकतो आणि मारतो, जीपीए, पुढच्या सामन्यांचं वेळापत्रक, आपल्या कोचचा फोन नंबर. आणि एक-दोन ओळी याच कॉलेजला का लिहिलं याबद्दल. पन्नास कॉलेजांना तेच पत्र चिकटवून पाठवलं, तर एखाद्यात नाव बदलायचं राहतं आणि ते पत्र तिथेच संपतं.

सोबत दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ. पार्श्वसंगीत नको, स्लो मोशन नको. पिचर असेल तर मागून आणि बाजूने, बॅटर असेल तर बाजूने आणि समोरून. मोबाइल स्टँडवर लावून काकांनी काढलेला व्हिडिओ चालतो.

कोच काय मोजतो? पिचरचा वेग, कॅचरला चेंडू पकडून दुसऱ्या बेसपर्यंत पोचवायला लागणारा वेळ (चांगला कॅचर दोन सेकंदांच्या आसपास), बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग, आणि ६० यार्डांची धाव, म्हणजे सुमारे ५५ मीटर. ती सात सेकंदांच्या आत आली तर कोच मान वर करून बघतो. डिव्हिजन वनच्या मोठ्या टीममधले पिचर ताशी ९० मैलांच्या आसपास किंवा वर फेकतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ताशी १४५ किलोमीटर. आता आजोबांनाही अंदाज येईल.

खिसा आणि खांदा

नववीपासून घरी मेल येऊ लागतात : 'आमच्या कॅम्पला तुमची निवड झाली आहे.' बहुतेकदा ही निवड नसते, ते जाहिरातीचं पत्रक असतं आणि खाली फी लिहिलेली असते. कोचने मुलाचा खेळ पाहून, नाव घेऊन, त्याच्या खेळाबद्दल काही नेमकं लिहिलं असेल तरच त्या कॅम्पला जाण्यात अर्थ आहे. शोकेस नावाच्या निवड-मेळाव्यांचंही तेच. ट्रॅव्हल टीम, हॉटेल, विमानाची तिकिटं मिळून वर्षाचा खर्च एवढा होतो की तोच पैसा साठवला असता तर पाव स्कॉलरशिप घरच्या घरी झाली असती. अकरावीआधी, मुलाचे आकडे तयार नसताना, देशभर फिरण्याची घाई मला पटत नाही.

खर्चापेक्षाही जपायचा तो हात. वर्षभर तीन-तीन टीमसाठी पिचिंग करणाऱ्या मुलांचं कोपर पंधरा-सोळाव्या वर्षी जातं. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसात ९५ पेक्षा जास्त पिच टाकू नयेत, १७-१८ व्या वर्षी १०५. सोळा वर्षांच्या मुलाने ७६ च्या वर पिच टाकल्या, तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. वर्षातले किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंगला विश्रांती. हा हिशेब शाळेचा कोच त्याच्या टीमपुरता ठेवतो, ट्रॅव्हल टीमचा त्याच्यापुरता. दोन्हीची बेरीज घरीच करावी लागते. फ्रिजवर एक कागद चिकटवा. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या आजीला हे काम द्या, एक पिच चुकणार नाही.

आणि पुण्या-जळगावातून?

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढती शिडी आहे. इथल्या मुलाला अमेरिकेत प्रयत्न करायचा असेल, तर एनसीएए नववीपासूनच्या मार्कशीट मागते. त्या मराठीत असतील तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. नववीची गुणपत्रिका आपण कुठे ठेवतो? बहुतेक घरांत ती दहावीच्या निकालानंतर रद्दीत जाते. आजच शोधून फाइलला लावा. रोख बक्षिसाच्या स्पर्धा किंवा कुणाशी करार करण्याआधी हौशी खेळाडूचे नियम वाचा. आणि बारावीनंतर 'एक वर्ष ड्रॉप घेऊ' हे आपल्याकडचं नेहमीचं उत्तर इथे महागात पडू शकतं, कारण शाळा संपल्यावर ठरावीक मुदतीत कॉलेजात दाखल होण्याची अपेक्षा असते.

अमेरिकेला जायचं नसेल, तरी प्रमाणपत्रांचं महत्त्व तेवढंच. दिल्ली विद्यापीठात खेळाडूंसाठी वेगळ्या जागा असतात. तिथेही सीयूईटी द्यावी लागते आणि प्रमाणपत्रं दाखवावी लागतात. पुढे विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येतात. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून करून घ्यावी लागते. स्पर्धा संपली की त्याच आठवड्यात नाव, जन्मतारीख आणि शिक्का बरोबर आहे का ते तपासा. दोन वर्षांनी चूक दुरुस्त करायला गेलं की चपला झिजतात.

मुलीच्या आईबाबांसाठी : अमेरिकन कॉलेजांत मुलींचा खेळ सॉफ्टबॉल. विषय आणि मार्कांचे नियम तेच, फक्त डिव्हिजन वनच्या कोचशी संपर्काची तारीख अकरावीतली १ सप्टेंबर. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉलबरोबर सॉफ्टबॉलही परत येतोय, त्यामुळे घरातल्या मुलीने ग्लोव्ह मागितला तर नवल नाही.

शेवटी कॉलेज बघायला जाल तेव्हा मैदान, जिम, कपड्यांवरचा लोगो हे सगळं कोच दाखवेलच. तुम्ही गप्प बसा आणि मुलाला हे विचारू द्या : माझ्या जागी सध्या कितीजण आहेत आणि ते कुठल्या वर्षाला आहेत? स्कॉलरशिप एका वर्षाची की चार? दुखापत झाली तर तिचं काय होतं? इंजिनिअरिंग घेतलं आणि दुपारच्या सरावाच्या वेळीच लॅब आली, तर टीममधली मुलं काय करतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोचकडून ऐका, आणि मग बाहेर येऊन टीममधल्याच एखाद्या मुलालाही विचारा.