भिंतीत बुजलेल्या कमानी

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर परगण्यात, पांढऱ्या चुनखडीच्या टेकड्यांची एक रांग आहे. तिच्या एका दरीत वॉरम पर्सी नावाचे गाव होते. आज तिथे उरले आहे ते कुरण, चरणाऱ्या मेंढ्या आणि छप्पर नसलेले सेंट मार्टिनचे चर्च. वास्तुसौंदर्य शोधत येणाऱ्याची इथे निराशाच व्हायची. ना भव्य शिखर, ना कोरीवकाम. पाहायचे ते भिंतीकडे.

बाहेरून पाहिले की सलग दगडी भिंतीत अर्धवट रुतलेले खांब दिसतात आणि त्यांवर कमानींच्या रेषा. कमानींच्या पोटात दगड भरून टाकलेले. ज्या कमानीखालून माणसे ये-जा करीत, ती बुजवली कोणी आणि का?

आपल्याकडे घर अपुरे पडू लागले की पडवी काढतात. इथेही तेच झाले. दहाव्या शतकाच्या सुमारास इथे लाकडी देऊळ होते. पुढे त्या जागी दगडाचे लहानसे चर्च आले. वस्ती वाढली. मग बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेला आणि तेराव्या शतकात उत्तरेला पडवी जोडली गेली. त्यासाठी मूळची भिंत फोडून तिच्या जागी खांब आणि कमानी उभारल्या. छपराचा भार आता त्यांनी तोलायचा.

पुढे गाव आक्रसू लागले. रिकाम्या पडव्यांची डागडुजी परवडेना, तेव्हा त्या पाडल्या. कमानी मात्र काढता येईनात, कारण त्यांच्यावर छप्पर होते. म्हणून मधल्या पोकळ्या दगडांनी भरल्या, आणि एके काळी चर्चच्या आत असलेले खांब बाहेरच्या ऊनपावसात आले. काटकसर म्हणायची ती ही! त्या काटकसरीनेच गावाची चढउतार भिंतीवर नोंदवून ठेवली.

हे गाव १३४८-४९च्या प्लेगने संपवले, असा समज अजूनही आढळतो. प्लेगने माणसे नेली हे खरे, पण गाव त्यानंतरही दीडशे वर्षे तगून होते. त्याचा घात केला लोकरीने. नांगरटीपेक्षा मेंढ्या फायद्याच्या ठरल्यावर जमीनदाराने कुळे उठवली. १५१७च्या सरकारी चौकशीत इथली चार घरे ओस पाडल्याची नोंद आहे. ती माणसे गेली कुठे, ते त्या नोंदीत नाही.

गंमत अशी की, गाव उठले तरी चर्च चालूच राहिले. ते पॅरिशचे, म्हणजे एका धर्मगुरूच्या हद्दीतल्या पाच गावांचे होते. थिक्सेंडेलसारख्या गावातले लोक टेकड्या ओलांडून प्रार्थनेला येत, आपली प्रेतेही इथेच आणीत. १८७०मध्ये थिक्सेंडेलला स्वतःचे चर्च मिळाले आणि हा आधारही सुटत गेला. शेवटची प्रार्थना १९४९मध्ये झाली. पुढे छपरावरचे शिसे चोरीला गेले, पाणी आत शिरले आणि १९५९मध्ये मनोऱ्याचा एक भाग कोसळला.

इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफोर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे, उन्हाळ्यामागून उन्हाळे, स्वयंसेवकांना घेऊन इथे उत्खनन केले. चर्चच्या फरशीखाली जुन्या चर्चचा पाया सापडला, म्हणजे मोठ्याच्या पोटात लहान. दफनभूमीतून सुमारे सातशे सांगाडे निघाले. राजेरजवाड्यांच्या थडग्यांसाठी एवढे कष्ट घेतले असते तर कोणाला नवल वाटले नसते; इथे ते नांगर धरणाऱ्यांसाठी घेतले गेले.

हे अवशेष आता 'इंग्लिश हेरिटेज'च्या देखभालीखाली आहेत. ढासळणारे दगड पक्के केले आहेत. छप्पर पुन्हा घातलेले नाही, हे योग्यच झाले. मनोरा आजही अर्धाच उभा आहे, एका बाजूने उभा चिरल्यासारखा. दरीच्या वरच्या अंगाला, कुरणात, घरांच्या पायांचे उंचवटे आहेत. दुपारी ते दिसत नाहीत. सूर्य कलू लागला की त्यांच्या सावल्या पडतात आणि कोणाचे घर कुठे होते ते कळते.