पुराचे गणित आणि पावसाचे गणित

१२ जुलै १९६१ च्या सकाळी वेल्हे तालुक्यातील आंबी नदीवरचे पानशेत धरण फुटले. त्यामागोमाग खडकवासल्याचे दगडी धरणही गेले आणि पुण्याची नदीकाठची वस्ती पाण्याखाली बुडाली, हे सर्वश्रुत आहे. त्या लोंढ्यालाही गणित होते, हे मात्र क्वचितच कोणी ध्यानात घेतो.

धरण एका क्षणात नाहीसे झाले तर लाट कशी पसरेल, याचे उत्तर रिटर यांनी १८९२ मध्येच काढले होते. त्या हिशेबाने ४० मीटर खोल पाण्याची आघाडी सेकंदाला सुमारे ४० मीटर धावते. अर्थात हा हिशेब कोरड्या, गुळगुळीत पात्राचा. मातीचा बांध क्रमाक्रमाने खचतो, आणि खडक व झाडी लाटेचा वेग मोडतात.

सामान्य पुराचे सूत्र जेम्स लाइटहिल आणि व्हिटम या उपयोजित गणितज्ञांनी १९५५ मध्ये मांडले. रुंद पात्रात पुराची लाट पाण्याच्या वेगाच्या सुमारे दीडपट वेगाने खाली सरकते. म्हणजे वाहत येणारे ओंडके मागे राहतात आणि चढते पाणी गावाशी आधी पोचते. ओंडके दिसल्यावर गुरे सोडू म्हणणारा फसलाच!

भोरजवळच्या भाटघर धरणाचे ४५ दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठराविक पातळीस पोचले की ते पाण्याच्याच बळाने उघडतात. त्यांना उद्याच्या पावसाची चिंता नाही. ती अधिकाऱ्याला असते. धरण आधीच रिते केले आणि पावसाने दडी मारली, तर नीरेच्या कालव्यांवरील शेतकरी बुडाला. भरलेले ठेवले आणि आभाळ फाटले, तर खालची गावे बुडाली. आणि पाऊस गणिताला तितका वश नाही. आरंभीचा अत्यल्प फरकही पुढे सारे चित्र पालटतो, हे एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये अवघ्या तीन समीकरणांतून दाखविले. न्यूटनचे नियम पाळणाऱ्या व्यवस्थांचे भविष्य नेहमीच वर्तविता येते, असा समज आपल्या शास्त्राने पसरविला, याबद्दल १९८६ मध्ये याच लाइटहिल यांनी सर्व सहव्यवसायिकांच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. असा प्रांजळपणा विद्वानांत विरळाच.

परंतु या क्षमेआड प्रशासनाला लपता येणार नाही. दहा दिवसांनंतरचा पाऊस सांगता येत नसेल. सोडलेले पाणी कोणत्या गावी किती वाजता किती चढेल, हे सांगता येते. विसर्गाचा क्युसेकमधील आकडा जाहीर करून ते काम पुरे होत नाही. वेल्ह्याच्या दऱ्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. तेथे हाताशी उरणारा वेळ तासांत नव्हे, मिनिटांत मोजावा लागतो.