जुन्या मोटारीचे पेट्रोल व इंजिनाची निगा

काटोल, नरखेड, कळमेश्वर या संत्र्याच्या पट्ट्यातील बागाईतदाराच्या आंबिया बहाराच्या दिवसांत कळमना येथील बाजार आवारात खेपा सुरू होतात. माल टेम्पोने जातो; परंतु भाव पाहण्यास व हिशेब चुकता करून घेण्यास तो पुष्कळदा स्वतःच्या जुन्या, दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या मोटारीने जातो. मोटार घेताना किमतीची घासाघीस होते. ती पेट्रोल किती खाते याची नोंद मात्र क्वचितच ठेवली जाते.

ही नोंद सोपी आहे. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. तीनचारशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा टाकी पूर्ण भरावी. झालेल्या अंतरास या वेळी भरलेल्या लिटरने भागले की ॲव्हरेज निघते. समजा, गाव कळमन्यापासून ६० किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन १२० किलोमीटरला, लिटरमागे १२ किलोमीटर जाणाऱ्या मोटारीस १० लिटर लागतात; १० किलोमीटर जाणारीस १२. वीस खेपांत ४० लिटर अधिक जळतात व ते संत्र्याच्या पैशातूनच जातात.

ॲव्हरेज घटले म्हणून लगेच इंजीन उघडण्यास देऊ नये. प्रथम टायरची हवा, टायर थंड असताना, पाहावी; नरम टायर ओढण्यास इंजिनाला अधिक जोर लागतो. नंतर एअर फिल्टर काढून पाहावा. पांधणीच्या धुळीत तो पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच चोंदतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात त्यामुळे हवा कमी पडून पेट्रोल जास्त जाते व धूर काळा होतो. इंजेक्शनच्या इंजिनात मुख्यतः ओढ घटते. ब्रेक घासत असल्यासही पेट्रोल वाया जाते. चाक जॅकवर उचलून, इतर चाकांना दगड लावून, हाताने फिरवले की हे कळते.

निळा धूर ही निराळी गोष्ट आहे. तेथे इंजिनाचे तेल जळत असते व त्यास स्वस्त उपाय सहसा नसतो. तो मोटार विकत घेण्यापूर्वीच पाहावयास हवा होता. तेलाची पातळी सपाट जागी, इंजीन बंद व थंड असताना, पट्टी पुसून मोजावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी उतरले आहे असे समजून मोटार चालवू नये.

केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाची पी. सी. आर. ए. ही १९७८ मध्ये स्थापन झालेली संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस करते. आवाराच्या फाटकाशी रांग लागल्यास इंजीन बंद करावे. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय तर पेट्रोल व क्लचप्लेट दोन्ही खाते.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये उष्णता कमी असल्याने ॲव्हरेज थोडे उतरते. तेवढी घट इंजिनाचा दोष मानू नये. मात्र जुन्या मोटारीतील पेट्रोलच्या रबरी नळ्या मऊ पडल्या, फुगल्या किंवा तडकल्या असल्यास त्या तत्काळ बदलाव्या. तेथील गळतीने आग लागू शकते.

मृग बहाराची तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि ऊन वाढू लागते. निघण्यापूर्वी रेडिएटरमधील कूलंट व पंख्याचा पट्टा पाहावा. वाटेत काटा लाल रेषेवर गेल्यास मोटार बाजूस घेऊन इंजीन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. उकळते पाणी अंगावर उसळते. निदान अर्धा तास थांबावे, आणि इंजीन निवाल्यावरच कूलंट किंवा पाणी घालावे.