सुई कुठे ठेवायची

दिवाळी होऊन गेली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात. धान कापून झालेला असतो, बांध्यांमध्ये पुंजणे उभे असतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, आणि घरोघरी पाहुणे. गेल्या मंडईला नागपुरात इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा आला होता. रात्री नाटक होतं. झाडीपट्टीतलं नाटक दहा-अकराच्या आत काही उभं राहत नाही, म्हणून जेवणं उरकून आम्ही ओट्यावर बसलो होतो. त्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामाजी, हे गाणं ऐकून पाहा न."

गाणं जपानी होतं. शब्द एकही कळत नव्हता, तरी बास गिटारचा ठेका असा धरून ठेवणारा होता की पायानं आपोआप ताल धरला. वर बाईचा आवाज, शांत, जराही न ताणलेला. मारिया ताकेउची ही गायिका आणि 'प्लॅस्टिक लव्ह' हे गाणं. भाच्यानं ते शेकडो वेळा ऐकलं होतं. मी विचारलं, "आणि याच्या आधीचं गाणं कोणतं?"

"आधीचं म्हणजे?" तो म्हणाला.

त्याचा प्रश्न खरा होता. त्याच्यापर्यंत ते गाणं एकटंच आलं होतं. 2017 साली कुणीतरी ते यूट्यूबवर टाकलं आणि यंत्रानं ते जगभरच्या पोरांच्या पुढ्यात आणून ठेवलं. कोट्यवधी लोकांनी ऐकलं, त्यात आमचा भाचा एक. पण ज्या अल्बममध्ये ते आहे, त्यात ते दुसऱ्या क्रमांकाचं गाणं आहे. त्याच्या आधी एक आहे, नंतर नऊ आहेत. हा क्रम कुणीतरी विचार करून लावलेला आहे, आणि अल्बम नावाच्या कलेतला निम्मा जीव त्या क्रमात असतो असं मला मनापासून वाटतं.

त्या अल्बमचं नाव 'व्हरायटी'. तो 25 एप्रिल 1984 रोजी जपानमध्ये निघाला. मारियाबाई मूळच्या शिमाने प्रांतातल्या. इझुमोच्या प्राचीन देवस्थानासमोर त्यांच्या घराण्याची जुनी सराय आहे, म्हणजे यात्रेकरूंच्या गावात वाढलेली ही मुलगी. 1978 साली त्यांचा पहिला अल्बम आला, नाव झालं. पण त्या काळात त्यांची बरीचशी गाणी इतरांनी लिहिलेली असत. कंपनी देईल ते गायचं, टीव्हीवर दिसायचं. 1981 नंतर त्यांनी हे सगळं थांबवलं. 1982 मध्ये गायक-संगीतकार तात्सुरो यामाशिता यांच्याशी लग्न झालं. मग घरात बसून त्या स्वतः गाणी लिहू लागल्या. 'व्हरायटी'तली अकराच्या अकरा गाणी, शब्द आणि चाल दोन्ही, त्यांची स्वतःची आहेत. वाद्यमेळ बसवला आणि ध्वनिमुद्रण सांभाळलं ते नवऱ्यानं.

हे यामाशिता म्हणजे स्टुडिओत रमणारा माणूस. 1980 साली त्यांनी एक आख्खा अल्बम असा केला होता की त्यातला समूहस्वर सगळा त्यांचाच: एक सूर गायचा, टेपवर घ्यायचा, मग त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आपल्याकडे भजनी मंडळात दहा माणसं जे करतात, ते एका गळ्यानं थरावर थर चढवून केलेलं. अनेक पट्ट्यांच्या टेपमुळे हे शक्य झालं. ढोल वेगळे, बास वेगळा, गिटार वेगळी घेता येते आणि नंतर कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे ठेवायचं ते निवांत ठरवता येतं. 'प्लॅस्टिक लव्ह'मध्ये तो बास इतका अंगाशी येऊन बसतो, त्यामागे ही अशी बैठक आहे.

आता क्रम पाहा. अल्बमच्या पहिल्या गाण्याच्या नावाचा अर्थच 'पुन्हा एकदा' असा आहे. जी गायिका काही काळ गप्प होती, ती परत आल्यावर तोंड उघडते ते या शब्दांनी. त्याच्या लगेच मागे 'प्लॅस्टिक लव्ह', प्रेमाचा खेळ करून टाकणाऱ्या एका दुखावलेल्या बाईचं गाणं. आणि तिसरं थेट लग्नाचं, आनंदाचं. परतणं, दुखणं, लग्न. भाच्यानं शंभरदा ऐकलेलं ते गाणं या दोन गाण्यांच्या मधे ठेवून ऐकलं की त्याचा रंग बदलतो.

पण मला अल्बम म्हणजे काय ते जपानी गाण्यानं शिकवलं नाही. ते शिकवलं 'शिवकल्याण राजा'नं.

1674 च्या शिवराज्याभिषेकाला 1974 साली तीनशे वर्षं झाली. त्या वर्षी एचएमव्हीनं ही रेकॉर्ड काढली. आवाज लताबाईंचा, संगीत हृदयनाथांचं, निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचं. यात सिनेमातलं गाणं नाही, आणि कवी पाहाल तर तीन शतकांच्या अंतरावरचे. महाराजांच्या हयातीतले दोघे: समर्थ रामदास आणि ब्रज भाषेत लिहिणारा भूषण. विसाव्या शतकातले गोविंदाग्रज, सावरकर, कुसुमाग्रज. रामदासांनी महाराजांचे गुण वर्णन केले ते ओव्यांत. भूषणाचा छंद म्हणजे एकामागून एक उपमांचा मारा. कुसुमाग्रजांचं प्रतापराव गुजरांवरचं गाणं ही तर घोड्यांच्या टापांवर चालणारी कथाच. प्रतापराव नेसरीला पडले त्या फेब्रुवारीनंतर जेमतेम चार महिन्यांत रायगडावर राज्याभिषेक झाला, हे लक्षात ठेवून ते गाणं ऐकावं. इतक्या वेगळ्या जातीच्या कविता एका रेकॉर्डवर मांडायच्या म्हणजे खिचडी होण्याचं भय मोठं होतं.

ती झाली नाही, याचं एक कारण निवेदन. बाबासाहेबांचे शब्द दोन गाण्यांमध्ये पायरीसारखे येतात. निवेदन काढून टाका, मग गोविंदाग्रजांची अंगाई ही फक्त अंगाई राहते. निवेदनासकट ऐकली तर ती एका विशिष्ट घरातली, एका विशिष्ट रात्रीची होते: जिजाऊ आणि झोप न येणारं पोर. या अंगाईबद्दल मला जास्तच माया आहे. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. ते जानेवारी 1919 मध्ये आमच्या विदर्भात, सावनेरला गेले, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. ही अंगाई लताबाईंच्या गळ्यातून घरोघर पोचली तोवर कवी जाऊन पंचावन्न वर्षं झाली होती.

दुसरं कारण माझ्या मते आवाज. लढाया, तलवारी, घोडखिंड, सगळं बाईच्या आवाजात आहे. त्यामुळे शौर्याच्या गाण्यातही कुठेतरी आई बोलते आहे असं वाटत राहतं, आणि अंगाई व रणगीत एकमेकांना परके वाटत नाहीत. 1942 मध्ये या भावंडांचे वडील मास्टर दीनानाथ गेले तेव्हा हृदयनाथ चार-साडेचार वर्षांचे होते आणि घर साडेबारा वर्षांच्या थोरल्या बहिणीनं, लताबाईंनी, उचललं. पुढे त्याच भावानं बहिणीच्या गळ्यासाठी अशा चाली बांधल्या की ज्या दुसऱ्या कुणाला सहज पेलू नयेत. टोकियोत नवरा-बायको, मुंबईत बहीण-भाऊ; दोन्ही अल्बम घरातल्या घरात झाले असंच म्हणायचं.

आमच्या गावात ही रेकॉर्ड होती लाऊडस्पीकरवाल्याकडे. लग्न, गणपती, शिवजयंती, सगळीकडे तोच. म्हातारी माणसं रेकॉर्डला 'तवा' म्हणत. मी लहानपणी त्याच्या पेटीजवळ बसून राहायचो. तो तवा उजेडात तिरपा धरून पाहायचा. दोन गाण्यांमध्ये जी बारीक गुळगुळीत पट्टी असते, तिथे रेषा विरळ होतात आणि उजेड वेगळा चमकतो. नेमकी तिथे तो सुई ठेवायचा, हात थरथरू न देता. लोकांना प्रतापरावांचं गाणं हवं असे, म्हणून ते लागायचं, संपलं की सुई उचलायची. काही वर्षांनी त्या तव्यावर एक करडं कडं उमटलं. बाकी काळाभोर तवा आणि मधे एवढाच भाग सुईनं घासून करडा झालेला. गावाला कोणतं गाणं आवडतं ते डोळ्यांनी दिसत होतं.

म्हणजे मधलंच एक गाणं उचलून ऐकणं भाच्याच्या पिढीनं शोधलेलं नाही. आमच्या भोंगेवाल्यानं तेच केलं होतं.

तरीही तव्याची म्हणून एक शिस्त होती, आणि ती त्याच्या घडणीतूनच आली होती. त्याआधीचा 78 फेऱ्यांचा तवा एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं वाजायचा. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची शिळेवरची कविता जी. एन. जोशींनी गायली ती त्या तव्यावर, आणि मराठी भावगीताला जो आटोपशीर आकार आला त्यात या साडेतीन मिनिटांचा मोठा वाटा आहे. 1948 साली अमेरिकेत लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली. ती मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेऱ्या घेते आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं वाजते. आता संगीतकाराच्या हातात एका गाण्याऐवजी पाऊण तास आला.

पण या तव्यात एक गोम आहे. फिरण्याचा वेग कायम, आणि सुई मात्र कडेकडून मध्याकडे सरकते. कडेला एका फेरीत सुईखालून सुमारे नव्वद सेंटिमीटर रेघ जाते. शेवटच्या गाण्याशी तेवढ्याच वेळात चाळीस सेंटिमीटरही जात नाही. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. त्यामुळे मध्याकडे झांजेची किणकिण, 'स'-'श'चे उच्चार जरा फाटतात, पुसट होतात. म्हणून जाणती मंडळी वाद्यांचा गजर असलेलं गाणं बाजूच्या सुरुवातीला घेत आणि मंद, शांत गाणं शेवटी ठेवत. ऐकणाऱ्याला वाटायचं की संगीतकारानं मनाला हळूहळू खाली आणलं. आणलेलं असायचंच, पण त्यात तव्याच्या भूमितीचाही हात होता.

आमच्या झाडीपट्टीत मात्र उलटा कारभार. दंडार असो की नाटक, रात्र लांब असते आणि क्रम लोकांच्या हातात असतो. ऑर्गन-तबल्याच्या साथीनं पद रंगलं की 'वन्समोर' येतो आणि नटाला ते पुन्हा म्हणावं लागतं. कधी दोनदा, कधी तीनदा. त्यात मजा आहे, आणि मी ती जन्मभर घेत आलो. पण म्हणूनच मला अल्बमची किंमत जास्त कळते. तिथे कुणी मधेच ओरडू शकत नाही. गाणाऱ्यानं आणि संगीतकारानं जे आधी ठेवलं ते आधी, जे शेवटी ठेवलं ते शेवटी. दोन गाण्यांमधली ती तीन-चार सेकंदांची शांतताही त्यांनीच ठरवलेली असते.

हे सगळं मी भाच्याला एका दमात सांगितलं. त्यानं निमूट ऐकून घेतलं आणि मोबाईलवर तो अल्बम शोधला. 'पुन्हा एकदा'पासून लावला. मांडवाकडून तबला लावल्याचा ठकठक आवाज येत होता, अजून पडदा उघडायला वेळ होता. दुसऱ्या गाण्याला तो हसला, तिसऱ्याला गप्प झाला. सहावं संपल्याबरोबर मी हात वर केला.

"थांब. इथे तवा उलटायचा असतो."

त्यानं गाणं थांबवलं. आम्ही पाण्याचा तांब्या आत-बाहेर केला, कुत्र्याला हाकललं. मग त्यानं सातवं लावलं.